पॉइंट कुणाचे, बिल कुणाचं?

नमस्कार काकू,

शिरोली एमआयडीसीत आमचं मशिन शॉप आहे. फौंड्रीतून कास्टिंग येतात, त्यांचं मशिनिंग करून देतो. फर्म भागीदारीत आहे, माझे मिस्टर आणि धाकटे भाऊजी निम्मे-निम्मे. हिशेब मी बघते. पगार आणि कच्चा माल सोडून महिन्याला अडीच लाखांच्या आसपास खर्च होतो. दोघांपैकी कुणीतरी दर महिन्याला चेन्नई, कोइमतूर, राजकोट, दिल्ली असं कुठेतरी जातंच. एका बँकेच्या माणसानं प्रवासाचे पॉइंट देणारं बिझनेस क्रेडिट कार्ड सुचवलंय. वर्षाची फी १०,००० रुपये, विमानतळावर लाउंज फुकट. तो म्हणतो, 'तुमच्या खर्चावर वर्षाला ८०,००० पॉइंट होतील, फी तर वसूलच.' भाऊजींना २०२७ मध्ये जर्मनीला, ड्युसेलडॉर्फच्या 'गिफा' प्रदर्शनाला जायचंय. तोवर पॉइंटांत तिकीट निघेल असं त्यांचं म्हणणं. मिस्टर म्हणतात क्रेडिट कार्ड दारात येऊ द्यायचं नाही, त्यांच्या मित्राचं दुकान त्यानंच बुडालं. आठवडाभर दोघांत धड बोलणं नाही. कार्ड घ्यावं का? घ्यायचं तर कुठलं? सोबत सहा महिन्यांच्या खर्चाची यादी आणि त्या माणसानं दिलेलं माहितीपत्रक जोडलंय.

— एक वहिनी, कोल्हापूर

ताई,

पत्राबरोबर खर्चाची यादी जोडलीत, त्यामुळे माझं निम्मं काम झालं. तुमच्या यादीचं कार्डांच्या भाषेत काय होतं ते आधी बघू, कारण कुठलं कार्ड घ्यायचं याचं उत्तर त्या यादीतच आहे.

तुमची महिन्याची सरासरी मी काढली ती अशी. टूल्स आणि इन्सर्ट ९०,०००, वीज ६०,०००, टेम्पो आणि दोन गाड्यांचं डिझेल ३५,०००, कुरिअर, सॉफ्टवेअर आणि ऑनलाइन खरेदी मिळून २५,०००, विमान आणि हॉटेल मिळून ४०,०००. एकूण अडीच लाख. वर्षाचे झाले ३० लाख. माहितीपत्रकात लिहिलंय १५० रुपयांना ४ पॉइंट. ३० लाखांचे ८०,००० पॉइंट. त्या माणसानं तुम्हाला चुकीचा गुणाकार सांगितला नाही. फक्त सगळा खर्च पॉइंटांना पात्र आहे असं धरलं, आणि गोम तिथेच आहे.

एकेक ओळ घ्या. डिझेलवर बहुतेक कार्डं पॉइंट देत नाहीत. पंपावर लागणारा एक टक्का अधिभार परत मिळतो, तोही ठरावीक मर्यादेपर्यंत, आणि त्यालाच सवलत म्हणतात. विजेच्या बिलावर पॉइंट कमी किंवा महिन्याला मर्यादा घातलेले. शिवाय महावितरणचं बिल क्रेडिट कार्डानं भरलं तर वेगळं शुल्क लागतं, जे यूपीआयनं किंवा नेटबँकिंगनं लागत नाही. म्हणजे ती ओळ कार्डावर न्यायचीच नाही.

आता सगळ्यात मोठी ओळ, टूल्सची. तुमचा टूलवाला तुम्हाला किती दिवसांची उधारी देतो? यादीतल्या तारखा बघून मला वाटतं ४५ ते ६० दिवस. त्याच्याकडे कार्ड चालतं का विचारा. चालत असेल तर 'दोन टक्के वर लागतील' हे उत्तर बहुधा मिळेल, कारण कार्डाचं मशिन त्याच्याकडून तेवढे कापून घेतं. महिन्याला ९०,००० म्हणजे वर्षाचे १०,८०,०००. त्यावर दोन टक्के २१,६०० रुपये जास्तीचे द्यायचे, आणि मिळणार काय, तर २८,८०० पॉइंट. माहितीपत्रकातल्याच दरानं, तिकिटासाठी एका पॉइंटचे ३० पैसे धरले तर ८,६४० रुपये. वर दोन महिन्यांची उधारी गेली ती गेलीच. ज्या टूलवाल्यानं तुमच्या मंदीच्या महिन्यांत थांबून घेतलं असेल, त्याच्याशी असलेला व्यवहार पॉइंटांसाठी मोडू नका. धंद्यात उधारी हीच बिनव्याजी रक्कम असते, आणि ती माणसांच्या ओळखीवर मिळते.

उरलं काय? कुरिअर-सॉफ्टवेअरचे २५,००० आणि प्रवासाचे ४०,०००. महिन्याला ६५,०००, वर्षाला ७,८०,०००. त्याचे पॉइंट २०,८००. ३० पैशांनी ६,२४० रुपये.

आणि फी १०,०००, वर १८ टक्के जीएसटी.

८०,००० पॉइंटांपासून आपण ६,२४० रुपयांवर आलो. आणि हे ३० पैसेसुद्धा बँकेच्या स्वतःच्या पोर्टलवरून तिकीट काढलं तर. बिलातून वळते करून घ्यायचे म्हटलं तर एका पॉइंटचे साधारण त्याहून कमीच धरतात. पोर्टलवर तिकीट काढायच्या आधी तेच तिकीट विमान कंपनीच्या साइटवर किती आहे ते बघायचं. कित्येकदा पॉइंटांनी वाचवलेले पैसे तिकिटाच्या वाढीव किमतीतच गेलेले असतात.

पहिल्या वर्षी बँक बोनस पॉइंट देते, त्यामुळे पहिल्या वर्षीचा हिशेब गोड लागतो. तुम्ही हिशेब दुसऱ्या वर्षाचा करायचा. आणि 'वर्षाला ८ लाख खर्च केले तर पुढच्या वर्षाची फी माफ' असं काही असेल, तर त्या आठ लाखांत डिझेल आणि वीज धरतात का, हे विचारायचं. तुमचा पात्र खर्च ७,८०,००० आहे. मार्च उजाडला की वीस हजारांसाठी नको ते काहीतरी मागवलं जातं. बँकेत असताना हे मी इतक्या दुकानदारांच्या बाबतीत पाहिलंय की त्याची खंत अजून जात नाही. फी वाचवण्यासाठी लोकांनी फीच्या दुप्पट खर्च केलाय.

लाउंजबद्दल थोडक्यात सांगते. जेवणाची आणि बसायची सोय चांगली होते, विशेषतः चेन्नईला संध्याकाळचं विमान लांबलं की. पण आता बऱ्याच कार्डांनी 'मागच्या तिमाहीत इतका खर्च केला असेल तरच लाउंज' अशी अट घातलीय. भाऊजी वर्षात जितक्यांदा खरंच लाउंजमध्ये जाऊन बसतील, तितके वेळा एका जेवणाचे पैसे धरा. दहा वेळा जातील म्हणून तीन हजार धरले तरी दहा हजारांच्या फीचं गणित जुळत नाही.

आता एक गोष्ट सांगते जी बँकेचा माणूस सांगणार नाही, कारण त्यात बँकेचा संबंधच नाही. तुमच्या यादीत विमानाची तिकिटं वर्षाला सुमारे तीन लाखांची आहेत, आणि बहुतेक भाऊजींच्या मोबाइलवरच्या ॲपमधून, त्यांच्या वैयक्तिक नावावर काढलेली दिसतात. इकॉनॉमीच्या तिकिटावर ५ टक्के जीएसटी असतो. तिकीट काढतानाच फर्मचा जीएसटी नंबर टाकला, तर विमान कंपनी फर्मच्या नावानं टॅक्स इनव्हॉइस देते आणि त्या कराचं क्रेडिट तुम्हाला रिटर्नमध्ये घेता येतं, म्हणजे तुम्ही भरायच्या जीएसटीतून तेवढी रक्कम वजा होते. तीन लाखांच्या तिकिटांवर हे बारा-चौदा हजारांच्या घरात जातं. सगळ्या पॉइंटांच्या दुप्पट, आणि कुठल्याही कार्डाशिवाय. नंतर नंबर घालून मिळेलच असं नाही म्हणून तिकिटाच्या वेळीच घालायचा. हॉटेलचं मात्र असं नाही. चेन्नईच्या हॉटेलनं लावलेला कर केंद्राचा आणि तमिळनाडूचा असतो, तुमची नोंदणी महाराष्ट्रातली, तेव्हा त्याचं क्रेडिट मिळत नाही. तुमच्या सीएंना हे दाखवून घ्या, आणि या महिन्यापासूनच सुरू करा. कार्डाचा निर्णय व्हायचा तेव्हा होईल.

हाच नियम कार्डालाही लावा. कार्ड फर्मच्या नावानं, फर्मचा जीएसटी नंबर बँकेकडे नोंदवून घेतलं, तर फीवरच्या १८ टक्क्यांचं क्रेडिट मिळू शकतं. वैयक्तिक कार्डावर फर्मचा खर्च टाकून ते मिळत नाही. हिशेबातही घोळ होतो. भाऊजींच्या वैयक्तिक कार्डावर त्यांच्या मुलीचे बूट आणि फर्मचं कुरिअर एकाच बिलात येतं आणि ते सोडवत तुम्ही रात्री बसता. यादीत 'भाऊजी कार्ड — नंतर बघू' असं तीन ठिकाणी लिहिलंय, तेव्हा मला कळतंय.

आता मिस्टरांची भीती. तिला भित्रेपणा म्हणून बाजूला सारू नका. त्यांच्या मित्राच्या दुकानाचं काय झालं ते मला माहीत नाही, पण कार्डानं दुकान बुडतं ते कसं, हे मी टेबलाच्या पलीकडून बघितलंय.

समजा एका महिन्याचं बिल १,२०,००० आलं. एका मोठ्या पार्टीचं पेमेंट अडकलं म्हणून तुम्ही १,००,००० भरले. वीस हजारच राहिले, त्यावर व्याज किती, सात-आठशे, असं वाटतं. तसं होत नाही. पूर्ण रक्कम भरली नाही की बिनव्याजी मुदत जाते आणि व्याज खरेदीच्या तारखेपासून लागतं, त्या महिन्यात जेवढी खरेदी झाली तेवढ्या सगळ्या रकमेवर, पैसे भरल्याच्या दिवसापर्यंत. दर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या पुढेमागे असतो, वर्षाचा ४० टक्क्यांच्या वर. त्या १,२०,००० वर सरासरी ३५ दिवस धरले तर पाच हजारांच्या घरात व्याज, त्यावर पुन्हा १८ टक्के जीएसटी. वर्षभराचे पॉइंट त्या एका महिन्यात गेले. आणि बाकी शिल्लक आहे तोवर नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत नाही, पहिल्या दिवसापासून व्याज.

तुमच्या सीसी खात्यावर, म्हणजे धंद्यासाठीच्या कॅश क्रेडिट कर्जखात्यावर, बँक किती टक्के लावते ते तुम्हाला माहीत आहे. तिथे वर्षाला दहा-अकरा टक्के लागले तरी आपण कुरकुरतो. पैशाची अडचण आली तर सीसीतून उचला आणि कार्डाचं बिल पूर्ण भरा. कार्डावर कधीही थकबाकी ठेवायची नाही, एवढा एकच नियम भिंतीवर लिहून ठेवला तरी चालेल. कार्डावरून एटीएममधून रोख काढायची नाही, तिथे शुल्क वेगळं आणि व्याज त्याच दिवसापासून.

व्याजाला कुणी आवर घालेल अशी आशाही धरू नका. राष्ट्रीय ग्राहक आयोगानं २००८ मध्ये क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवर वर्षाला ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्याज लावणं गैर ठरवलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं २० डिसेंबर २०२४ ला तो निर्णय रद्द केला. दर ठरवायची मोकळीक बँकांकडे आहे.

यावर इलाज फार अवघड नाही. करंट खात्यातून बिल आपोआप कापून जाण्याची सोय करून घ्या. पण अर्जावर दोन चौकटी असतात, 'टोटल अमाउंट ड्यू' आणि 'मिनिमम अमाउंट ड्यू'. माझ्या भावाच्या फॅब्रिकेशनच्या दुकानाचा अर्ज बँकेच्या माणसानं भरून आणला होता, भावानं फक्त सही केली. आठ महिन्यांनी माझ्या हातात बिल पडलं तेव्हा कळलं की खूण दुसऱ्या चौकटीत होती. दर महिन्याला पाच टक्के कापले जात होते, बाकी सगळं व्याजावर चाललेलं, आणि भाऊ निर्धास्त होता की आपलं बिल आपोआप भरलं जातंय. तो नियमित माणूस, कुणाचा एक रुपया ठेवून घेतलेला नाही. त्याच्या चेहऱ्यावरची शरम मला अजून दिसते. म्हणून सांगते, ती चौकट तुम्ही स्वतः, तुमच्या हातानं भरा.

दुसरं, बिलाची तारीख. तुमच्या पार्ट्यांचे पैसे कुठल्या तारखांना येतात? यादीवरून दिसतं की मोठी पेमेंट महिन्याच्या ७ ते १२ दरम्यान जमा होतात. मग कार्डाची भरायची तारीख १८-२० च्या आसपास यावी असं बिलाचं चक्र घ्या. बँकेनं दिलेलं चक्र गैरसोयीचं असेल तर बदलून मागायचा हक्क रिझर्व्ह बँकेच्या नियमांनी तुम्हाला दिलाय. हे फारसं कुणाला माहीत नसतं, म्हणून कुणी मागत नाही. तसंच मुदतीनंतर तीन दिवसांपेक्षा जास्त उशीर झाला तरच दंड लावता येतो आणि थकबाकी म्हणून नोंद करता येते. या तीन दिवसांवर विसंबू नका, पण एखाद्या वेळी बँकेची सुट्टी आडवी आली तर घाबरूही नका.

तिसरं, मर्यादा. बँक पाच लाखांची देईल, दहाचीही देईल. तुम्ही दीड लाखाची मागा. महिन्याला ६५,००० चा खर्च आणि प्रवासाच्या महिन्याला थोडी सैल जागा, एवढी पुरते. मिस्टरांना हा आकडा सांगा. मला वाटतं त्यांची भीती 'कार्ड' या शब्दाइतकीच त्याच्या मोकाट मर्यादेची आहे. दीड लाख म्हणजे त्यांच्या एका महिन्याच्या टूल्स आणि विजेएवढं, हे ऐकलं की ते खाली बसून बोलतील.

आता भागीदारी. पत्रात तुम्ही याबद्दल काहीच विचारलेलं नाही, पण मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते.

भागीदारी फर्मच्या देण्याला प्रत्येक भागीदार एकत्रितपणे आणि एकटाही जबाबदार असतो. १९३२ च्या भागीदारी कायद्याचं २५ वं कलम आहे हे. भाऊजींनी दिल्लीत कार्ड घासलं की त्याचं बिल तुमच्या मिस्टरांच्याही डोक्यावर असतं, आणि उलटही. पॉइंट मात्र ज्याच्या नावानं कार्डाचं खातं, त्याच्या नावावर जमतात. विमान कंपनीचे माइल्स तर व्यक्तीच्या सदस्यत्वावरच जातात. म्हणजे बिल दोघांचं आणि पॉइंट एकाचे.

मी शाखेत असताना बेदाण्याच्या व्यापारातले दोन चुलतभाऊ यायचे. कार्ड थोरल्याच्या नावावर, खर्च दोघांचा. पाच वर्षांचे पॉइंट जमले आणि थोरल्यानं बायको-मुलांना घेऊन सिंगापूर केलं. धाकट्याला ते नातेवाइकांच्या ग्रुपवरच्या फोटोंतून समजलं. पैशाच्या हिशेबानं रक्कम फार नव्हती, ऐंशी-नव्वद हजार असेल. पण त्यानंतर धाकट्याला प्रत्येक बिलात खोट दिसायला लागली, आणि दीड वर्षात गाळा वेगळा झाला. थोरल्यानं फसवलं असं मी कधीच म्हणणार नाही. त्यानं विचारलं नाही, एवढंच. विचारलं असतं तर धाकटा 'जा की दादा' म्हणाला असता असं मला अजूनही वाटतं.

म्हणून कार्ड घ्यायच्या आधी, अर्जावर सही करायच्या आधी, दोघांना समोरासमोर बसवा आणि अर्ध्या पानावर लिहून घ्या: पॉइंट फर्मचे. ते फक्त फर्मच्या प्रवासासाठी वापरायचे, नाहीतर बिलात वळते करायचे. कार्डावर घरचा खर्च टाकायचा नाही. रिझर्व्ह बँकेनंही बिझनेस कार्डाचा पैसा धंद्यासाठीच वापरला जातोय ना यावर लक्ष ठेवायला बँकांना सांगितलेलं आहे, तेव्हा घरचा टीव्ही त्यावर घेतला तर उद्या विचारणा होऊ शकते. दोघांना वेगवेगळं कार्ड द्या, एकाच खात्यावर, प्रत्येकाची मर्यादा वेगळी. मग कुणी किती घासलं ते बिलातच दिसतं, कुणाला विचारावं लागत नाही. दोघांच्या सह्या घ्या आणि कागद भागीदारी कराराच्या फाइलीत लावा. तुम्ही सही करू नका, ताई. तुम्ही हिशेब बघता, पंच व्हायचं ओझं तुमच्यावर नको.

आणि पॉइंट बिलात वळते करणारं कार्ड भागीदारीला जास्त बरं, असं माझं स्पष्ट मत आहे. प्रवासाच्या पॉइंटांपेक्षा त्याचा दर थोडा कमी पडला तरी चालेल. फर्मच्या खर्चातून वजा झालेले तीन हजार कुणाच्या मनात राहत नाहीत.

एका विमान कंपनीशी बांधलेलं कार्डही घेऊ नका. कोल्हापूरहून मोजकीच विमानं, त्यामुळे कधी पुण्याहून, कधी बेळगावहून, कधी हैदराबादला बदलून, तुम्ही मिळेल त्या कंपनीनं जाता. शिवाय कंपन्यांचं काय होतं ते आपण डोळ्यांनी बघितलंय. किंगफिशर २०१२ मध्ये थांबली. जेटचं शेवटचं विमान १७ एप्रिल २०१९ ला उडालं. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात गेली आणि तिच्या नावानं निघालेली कार्डं बंद करावी लागली. बँकेचे स्वतःचे पॉइंट असतील तर त्यातून हवं तिथे जाता येतं.

भाऊजींच्या गिफाचं बघू. दर चार वर्षांनी भरणारं ते प्रदर्शन फौंड्रीवाल्यांसाठी मोठंच असतं, आणि शिरोलीतल्या तरुण माणसाला तिथे जावंसं वाटतंय याचा मला आनंद आहे. त्यांना अडवू नका. पण २०२७ पर्यंत पॉइंट साठवून ठेवायचा बेत मोडायला सांगा. पॉइंटांना मुदत असते आणि बँक त्यांची किंमत मधेच कमी करू शकते. पॉइंट दर वर्षी वापरून टाकायचे आणि जर्मनीसाठी फर्मनं आवर्ती ठेवीत महिन्याला ठरावीक रक्कम बाजूला काढायची.

परदेशात कार्ड वापरलं की बँक चलनाच्या दरावर साधारण साडेतीन टक्के लावते, त्यावर १८ टक्के जीएसटी. दोन लाख खर्च झाले तर ८,२६० रुपये नुसते तेवढ्यासाठी. महागड्या कार्डांवर हा दर दोन टक्क्यांवर येतो, म्हणजे ४,७२० रुपये. फरक साडेतीन हजारांचा, तोही चार वर्षांतून एकदा. तेवढ्यासाठी दर वर्षी १०,००० ची फी भरण्यात राम नाही. जाताना युरो भरलेलं फॉरेक्स कार्ड न्या, आणि क्रेडिट कार्ड हॉटेलच्या अनामतीसाठी सोबत असू द्या, कारण हॉटेलं रक्कम अडवून ठेवतात. तिथे दुकानात मशिन 'रुपयांत की युरोत' असं विचारतं, तेव्हा युरोत म्हणायचं. रुपये निवडले की दुकानदाराच्या बाजूचा दर लागतो आणि तो महागच असतो. कार्डाबरोबर मिळणाऱ्या विम्यावर व्हिसा मिळेल असं धरून चालू नका. शेंगेन व्हिसाला किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण लागतं, त्याची वेगळी पॉलिसी काढा.

म्हणजे माझं उत्तर असं: कार्ड घ्या, पण हे नको. वर्षाला हजाराच्या आसपास फी असलेलं, फर्मच्या नावाचं, बँकेचे स्वतःचे पॉइंट देणारं आणि ते बिलात वळते करू देणारं साधं बिझनेस कार्ड बघा. तुमचं करंट आणि सीसी खातं जिथे आहे त्या बँकेला आधी विचारा. त्यांच्याकडे तुमचा सगळा उलाढालीचा इतिहास आहे, कागद कमी लागतील. तिथे अर्धा टक्काही पडला तरी ७,८०,००० वर ३,९०० रुपये, फी वजा जाता २,९०० हाती. रक्कम लहान आहे, मला माहीत आहे. पण तुमचा महिनाभराचा सुट्टा खर्च एका बिलावर येतो, ४०-४५ दिवसांपर्यंतची बिनव्याजी सवड मिळते, आणि 'भाऊजी कार्ड — नंतर बघू' ही ओळ तुमच्या वहीतून जाते. मला त्याचीच किंमत जास्त वाटते.

पुढे जीएसटीचा भरणा कार्डानं करून पॉइंट मिळवायचं कुणी सुचवेल. काही बिझनेस कार्डं त्यावर पॉइंट देतात, बरीच देत नाहीत, आणि कार्डानं भरताना शुल्क लागतं. दोन्ही आकडे समोरासमोर ठेवल्याशिवाय हो म्हणू नका.

त्या बँकेच्या माणसाला नकार देताना वाईट वाटून घेऊ नका, त्याला महिन्याचं टार्गेट असतं. फोनवर 'हो-हो, बघते' एवढंही म्हणू नका. न मागता कार्ड पाठवायला बंदी आहे, पण तोंडी होकाराचा अर्थ कसा लावला जातो ते मी पाहिलंय. तरीही कार्ड आलंच तर चालू करू नका आणि लेखी कळवून बंद करायला सांगा. बंद करायची विनंती केल्यावर, बाकी काही देणं नसेल तर, सात कामाच्या दिवसांत कार्ड बंद व्हायला हवं. नाही केलं तर पुढच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये बँकेनं तुम्हाला द्यायचे, असा नियम आहे.

ज्या बँकेचं कार्ड घ्याल तिला अर्जाआधी ईमेलवर चार गोष्टी विचारा: कुठल्या खर्चावर पॉइंट मिळत नाहीत त्याची पूर्ण यादी, बिलात वळते करताना एका पॉइंटचे किती पैसे आणि त्याला शुल्क आहे का, फी माफीच्या हिशेबात कुठला खर्च धरत नाहीत, आणि थकबाकीची नोंद फर्मच्या नावावर जाते की भागीदारांच्या वैयक्तिक सिबिलवरही. या चौथ्याचं उत्तर दोघांनाही वाचायला द्या. उत्तरं आली की मला पाठवा, मी तुमच्या यादीशी ताडून बघेन. तोवर भाऊजींच्या पुढच्या चेन्नईच्या तिकिटावर फर्मचा जीएसटी नंबर घालून घ्या.

— तुमची काकू